नवरा बायकोला मारतो, मुलं बघतात: कोणी आधी काय करायचं?

गुहागर तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या एका गावातून जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शिक्षिकेने विचारलं आहे. थोडक्यात प्रश्न असा: तिसरीतली एक मुलगी, तिचा धाकटा भाऊ अंगणवाडीत. वडील मासेमारीच्या बोटीवर खलाशी. किनाऱ्यावर आले की दारू, आणि मग आईला मारहाण. मुलांवर अजून हात टाकलेला नाही, असं मुलगी सांगते. अंगणवाडीताई म्हणतात संरक्षण अधिकाऱ्यांना, म्हणजे कौटुंबिक हिंसाचाराच्या तक्रारींसाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्यांना, कळवा. पोलीस पाटील म्हणतात वाडीत बसून मिटवू. एका वकिलांनी सुचवलं की मुलं बाल कल्याण समितीपुढे (काळजी-संरक्षणाची गरज असलेल्या मुलांबाबत निर्णय घेणारी जिल्ह्याची समिती) हजर करा, म्हणजे निदान ती तरी सुटतील. आई मात्र म्हणते, "बाई, कोणाला काही बोलू नका." मे महिन्याची सुट्टी लागायच्या आत काहीतरी करायला हवं, पण जायचं कोणाकडे?

मी रत्नागिरी जिल्ह्यात आधी पोलीस ठाण्यातल्या समुपदेशन केंद्रात आणि नंतर बाल कल्याण समितीवर काम केलं आहे. दोन्हीकडून हे प्रश्न पाहिले, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुम्हाला वाटतंय की योग्य दार सापडत नाही. खरं तर दारं पुष्कळ आहेत आणि प्रत्येक दार आपापल्या जागी बरोबर आहे. घात होतो तो एका दाराआड काय चाललंय हे दुसऱ्याला ठाऊक नसतं म्हणून. पोलीस एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्हा, नोंदवून नवऱ्याला समज देतात, संरक्षण अधिकाऱ्यांना ते कळत नाही. संरक्षण अधिकारी न्यायालयात अर्ज लावतात, शाळेला कळत नाही. समितीपुढे मुलांची फाइल येते, त्यात आईच्या अर्जाचा उल्लेखच नसतो. आणि या सगळ्या दिवसांत ती बाई रात्री त्याच घरात, त्याच माणसासोबत असते. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढताना दोन्ही बाजूंचे दोर एका लयीत ओढावे लागतात, एक बाजू आधी खेचली तर जाळं तिरकं होतं. इथे तिरकं जाळं म्हणजे तिला बसणारा पुढचा मार.

आधी वकिलांच्या सल्ल्याबद्दल बोलते, कारण तो सगळ्यात जास्त ऐकू येतो आणि माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान करतो. आई मार खातेय, पण मुलांना जेवू घालतेय, शाळेत पाठवतेय, तो घरात शिरला की मुलांना शेजारच्या काकीकडे ढकलतेय. अशा आईपासून मुलं काढून बालगृहात ठेवली तर शिक्षा झाली कोणाला? मुलांनी आधीच घरातली शांतता गमावलेली असते, आता आईही गेली. शिवाय गावातल्या इतर बायका हे बघतात आणि ठरवून टाकतात की मारहाणीचं बोललं तर सरकार पोरं नेतं. मग पुढची पाच वर्षं त्या वाडीतून कोणी तोंड उघडत नाही.

न्यूयॉर्क शहरात हे मोठ्या प्रमाणावर घडलं होतं. नवऱ्याने मारलं म्हणून "मुलांना ते बघू दिलं" असा ठपका आईवर ठेवून तिथली बालकल्याण यंत्रणा मुलं ताब्यात घेत असे. निकोल्सन खटल्यात २००२ साली संघीय न्यायालयाने हे घटनाबाह्य ठरवलं. २००४ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की मुलाने मारहाण पाहिली एवढ्यावरून आईने दुर्लक्ष केलं असं ठरत नाही. आपल्याकडे बाल न्याय अधिनियम, २०१५ ची तत्त्वं तेच सांगतात: मुलाची पहिली जबाबदारी कुटुंबाची, आणि संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय. त्या कायद्याच्या कलम ३७ खाली समिती मूल पालकाकडेच देखरेखीखाली ठेवण्याचा आदेश देऊ शकते, प्रायोजकत्वाची, म्हणजे मुलासाठी दरमहा पैशांची, मदत सुरू करायला सांगू शकते. समितीकडे जाणं म्हणजे मूल देऊन टाकणं नव्हे. पण समितीपुढे मूल आणून उभं करणं ही या घरासाठी पहिली पायरी नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते. मुलांवर हात पडला असेल, मारण्याची धमकी दिली गेली असेल, तर ती मुलं थेट "काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक" या व्याख्येत येतात आणि १०९८ या बालकांच्या हेल्पलाइनला लगेच कळवायचं. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर तुमच्यापुढे पर्यायच नाही. पॉक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे, आईने नको म्हटलं तरीही. म्हणून मुलीला "मी कोणाला सांगणार नाही" असं वचन कधीही देऊ नका. आणि आईला विचारताना काही गोष्टी नेमक्या विचारा: कधी गळा दाबला का? कोयता उगारला का? "तुला आणि पोरांना संपवीन" म्हणाला का? ती गरोदर आहे का? घर सोडायचा विचार त्याला कळलाय का? यातल्या एकाचंही उत्तर हो असेल तर आठवडाभर थांबायला वेळ नाही. गळा दाबला गेला असेल तर बाहेरून वळ नसला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायला हवं, आतली इजा उशिरा कळते.

हे नसेल, म्हणजे घर वाईट आहे पण आजच्या आज जिवावर बेतलेलं नाही, तर तुमच्याकडे थोडा वेळ आहे. तो वेळ नीट वापरायचा म्हणजे त्या घराचं वर्षाचं चक्र समजून घ्यायचं.

आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. म्हणजे सुट्टी लागली की मुलगी तुमच्या नजरेआड, आणि जून लागला की बाप पूर्ण वेळ घरात. पगार नाही, उचल घेतलेली, बाहेर धो धो पाऊस, वाडीतली लाइट गेलेली, मोबाइलला रेंज नाही. माझ्या कामात जून-जुलैच्या तक्रारी सगळ्यात गंभीर असायच्या, आणि त्या आमच्यापर्यंत सगळ्यात उशिरा पोहोचायच्या. म्हणून मी म्हणेन, एप्रिलमध्ये विचारलंत हे फार चांगलं केलंत. तो मोठ्या बोटीवर असेल तर काही दिवस बाहेर असतो, ते दिवस तुमचे. रोज परतणाऱ्या छोट्या होडीवर असेल तर फक्त सकाळ मिळते. ती सध्या आंब्याच्या पॅकिंगला जात असेल तर तिच्या हातात चार पैसे आहेत आणि घराबाहेर पडायला कारण आहे. या दोन्ही गोष्टी जूनमध्ये नसतील.

पहिलं बोलणं आईशी, आणि तेही तिच्या घरी नाही. अंगणवाडीत धाकट्याचं वजन करायचा दिवस असतो, लसीकरणाचा असतो. तिथे अंगणवाडीताईंनी तिला दहा मिनिटं बाजूला बसवायचं. "तक्रार कर" असं म्हणायचं नाही. एवढंच विचारायचं की सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते. बहुतेक वेळा उत्तर मारहाण हे नसतं. "पोरं काढून घेतील", "सासरे घराबाहेर काढतील", "माहेरी भावाचा संसार आहे, तिथे किती दिवस राहू" अशी उत्तरं येतात. "कोणाला सांगू नका" याच्या मागे यातलीच एखादी भीती असते. ती कळली की तिला खरी माहिती देता येते.

सासऱ्यांचं घर असेल तर? कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ च्या कलम १७ प्रमाणे ती जिथे संसार करत होती त्या घरात राहायचा तिला हक्क आहे. घराचा उतारा सासऱ्यांच्या किंवा चार भावांच्या नावावर असला तरी तो हक्क आपोआप बुडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सतीश आहुजा खटल्यात सांगितलं आहे. कोकणातल्या सामाईक घरांसाठी हा निकाल फार महत्त्वाचा आहे. माहेरी गेली तर? कलम २७ प्रमाणे ती तात्पुरती जिथे राहते तिथल्या न्यायालयातही अर्ज करता येतो, प्रत्येक तारखेला नवऱ्याच्या गावात यायची गरज नाही. मुलं? कलम २१ खाली दंडाधिकारी मुलांचा तात्पुरता ताबा आईकडे देऊ शकतात, आणि भेटीतून मुलांना अपाय होईल असं वाटलं तर वडिलांची भेट नाकारूही शकतात. हे काम न्यायालयाचं आहे, समितीचं नाही. आई-वडिलांमधला ताब्याचा वाद घेऊन लोक समितीकडे येतात आणि महिने वाया घालवतात. आणखी एक गोष्ट तिला जरूर सांगा: या कायद्याखाली अर्ज केला म्हणून नवऱ्याला लगेच बेड्या पडत नाहीत. संरक्षण आदेश मोडला तर मात्र तो गुन्हा होतो, १ वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. "माणूस तुरुंगात गेला तर खाऊ काय" म्हणणाऱ्या बायका हे ऐकून निम्म्या मोकळ्या होतात.

तिची तयारी झाली की संरक्षण अधिकारी. तुम्हीही त्यांना माहिती देऊ शकता. याच कायद्याच्या कलम ४ प्रमाणे सद्भावनेने दिलेल्या माहितीबद्दल तुमच्यावर कोणताही दावा किंवा गुन्हा लागत नाही. ते घटना अहवाल भरतात, तिची इच्छा असेल तर न्यायालयात अर्ज करतात. अर्ज आल्यापासून साधारण ३ दिवसांत पहिली तारीख पडावी आणि पुढे ६० दिवसांत निकाल व्हावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात लांबतं, म्हणून कलम २३ खाली अंतरिम आदेश पहिल्याच दिवशी मागायला सांगा. वकील हवा तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळतो. महिलेला आणि बालकाला उत्पन्नाची अट न लावता.

आता जिथे सगळ्यात जास्त काळजी घ्यावी लागते तो दिवस: नवऱ्याला नोटीस मिळते तो. तोपर्यंत त्याला काही माहीत नसतं. पोलीस शिपाई कागद घेऊन वाडीत येतो, अंगणात चार माणसं जमतात, आणि बाईला आपल्या अर्जाची नोटीस आज बजावणार हे त्याच्याबरोबरच कळतं. असं एक प्रकरण आमच्याकडे आलं होतं. बाई विहिरीवर होती, नोटीस सासूने घेतली, नवऱ्याला जेटीवर निरोप गेला. ती घरी पोहोचायच्या आत तो पोहोचला होता. तिच्या मुलीने शेजाऱ्यांना हाक मारली म्हणून पुढचं टळलं. त्या दिवसाची कल्पना तिला आदल्या दिवशी फोनवर दिली असती तर ती मुलं घेऊन माहेरी गेली असती. त्यानंतर आम्ही संरक्षण अधिकाऱ्यांशी ठरवून टाकलं की नोटीस कधी बजावणार ते आधी बाईला आणि एका ठरलेल्या माणसाला कळवायचं, आणि त्या रात्री ती त्या घरात नसेल असं बघायचं. तुमच्याकडेही हे आग्रहाने मागा. कुठल्याही बैठकीपेक्षा हा एक फोन महत्त्वाचा आहे.

"ठरलेला माणूस" हा माझ्या सगळ्या सांगण्याचा कणा आहे. या घराबाबत कोण कुठे काय करतंय हे पूर्ण ठाऊक असलेली एकच व्यक्ती हवी. माझ्या अनुभवात ती संरक्षण अधिकारी किंवा पोलीस ठाण्यातल्या केंद्राची समुपदेशक असलेली बरी. शिक्षिका नको. तुम्हाला रोज त्याच गावात राहायचं आहे, त्याच बापाच्या मुलीला शिकवायचं आहे. तुम्ही नजर ठेवा आणि कळवा, पुढे उभं राहायचं काम दुसऱ्याचं. गंमत नाही, पण बाहेरच्यांना हे कळत नाही की संरक्षण अधिकारी आणि मुलांचं काम बघणारा जिल्हा बाल संरक्षण कक्ष हे दोन्ही जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्याच अखत्यारीत येतात. तरी आईची फाइल एका टेबलावर, मुलांची दुसऱ्या. अंगणवाडी तर तिसऱ्याच वाटेवर, बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांमार्फत जिल्हा परिषदेकडे. म्हणून तुमच्या पत्रात पहिल्याच ओळीत लिहा की याच महिलेबाबत संरक्षण अधिकाऱ्यांकडे अमुक तारखेला माहिती दिली आहे. आईच्या कागदावर मुलांची नावं आणि वयं, मुलांच्या कागदावर आईच्या अर्जाचा क्रमांक. फार साधी गोष्ट आहे, पण समितीवर असताना असे कागद हातात आले की निर्णयच बदलायचा.

बाल संरक्षण कक्षाची खरी गरज पुढे लागते. बाई वेगळी राहायला लागली की दुसऱ्या महिन्यापासून पैशांची चणचण सुरू होते, आणि त्यापायीच ती परत जाते. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतल्या प्रायोजकत्वातून पात्र मुलाला महिना ४,००० रुपये मिळतात, राज्याच्या बालसंगोपन योजनेतून २,२५० रुपये. दोन्हींपैकी कुठली बसते ते कक्षाला विचारून अर्ज लवकर लावा, मंजुरीला वेळ लागतो. तोवरचा निवारा सखी वन स्टॉप सेंटर या पीडित महिलांसाठीच्या सरकारी केंद्रात मिळतो, पण थोड्याच दिवसांचा आणि जिल्ह्याच्या ठिकाणी. मोठा मुलगा सोबत असेल तर वयाची मर्यादा आहे का ते आधी विचारून घ्या, नाहीतर दारात भावंडांची ताटातूट होते. आणि मध्यरात्री तुमच्या गावातून ना एसटी ना फेरीबोट. त्या रात्रीसाठी ११२ हा आपत्कालीन नंबर आणि गावातलंच एक घर ठरवलेलं हवं. आधार, रेशनकार्ड, पासबुक, मुलांचे जन्मदाखले यांच्या झेरॉक्स घराबाहेर कोणाकडे तरी ठेवलेल्या हव्यात.

पोलीस पाटलांच्या वाडीतल्या बैठकीबद्दल. त्यांचा हेतू वाईट नसेल. कर्ज, बांध, वाटणी हे प्रश्न वाडी मिटवते आणि चांगले मिटवते. पण इथे दोघांना समोरासमोर बसवून "तुझंही थोडं चुकलं, त्याचंही" असं म्हटलं की बाईने सगळ्यांसमोर जे सांगितलं त्याचा हिशेब रात्री घरात होतो. मी अशा बैठकीला कधीच हो म्हटलेलं नाही. पोलीस पाटलांना दुसरं काम द्या: तो किनाऱ्यावर कधी आला, दारू चढलेली आहे का, घरातून आवाज येतोय का, हे ठाण्याला कळवायचं. हे काम ते उत्तम करतात. वाडीने तिला किंवा तिला मदत करणाऱ्यांना वाळीत टाकायची भाषा केली तर त्यांना आठवण करून द्या की महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आहे आणि त्यात ३ वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

१०९८ वर फोन करायचा झाला तर तोही जरूर करा, पण भेटीची पद्धत आधी ठरवा. सरकारी पाटी लावलेली गाडी वाडीच्या तोंडाशी उभी राहिली आणि बापालाच "तुमच्याबद्दल तक्रार आहे" असं सांगितलं गेलं, तर त्याच्या मनात तक्रार करणारी एकच असते. फोनवर स्पष्ट सांगा: भेट शाळेत किंवा अंगणवाडीत, आईशी आधी बोलून, वडिलांशी संपर्क ठरलेल्या माणसाला विचारूनच.

इथवरचं थोडक्यात सांगायचं तर: आधी धोका किती ते नेमके प्रश्न विचारून ठरवा. मग आईशी सुरक्षित जागी बोला. मग संरक्षण अधिकारी, एका माणसाच्या हातात सगळे धागे देऊन. नोटिशीच्या दिवसाची वेगळी तयारी. मुलांसाठी समिती आणि कक्ष ते आईच्या बाजूने, आईच्या जागी नव्हे.

राहिलं ते शाळेचं, म्हणजे तुमच्या हातातलं. मुलगी जे बोलली ते तिच्याच शब्दांत, तारीख घालून लिहून ठेवा. पुन्हा पुन्हा विचारू नका. मुलगी पहिल्यांदा बाईंना सांगते, मग मुख्याध्यापकांना, मग पोलिसांना, मग समितीला, आणि प्रत्येक वेळी तिला वाटतं की आपलं खरं वाटलं नाही म्हणून पुन्हा विचारतायत. हळूहळू ती "काही नाही झालं" म्हणायला लागते. तुमची पहिली नोंद नीट असेल तर पुढचे दोन-तीन वेळचे प्रश्न वाचतात. तिचा किंवा आईचा फोटो, वळांचा फोटो, कुठल्याही व्हॉट्सअॅप ग्रुपवर, शिक्षकांच्यासुद्धा, टाकू नका. बालकाची ओळख उघड करणं हा बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे.

आई माहेरी गेली तर मुलीचं नाव तिथल्या शाळेत लगेच लागायला हवं. दाखला उशिरा मिळाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, शिक्षण हक्क कायद्यात तसं स्पष्ट आहे. नव्या शाळेचं नाव कोणाला सांगायचं नाही हे कार्यालयातल्या सगळ्यांना बजावून ठेवा, कारण बाप पहिली चौकशी तुमच्याच शाळेत करणार. संरक्षण आदेशात शाळेजवळ फिरकू नये असंही मागता येतं, अर्ज भरताना संरक्षण अधिकाऱ्यांना त्याची आठवण करून द्या.

आणि सुट्टीचं. मे महिन्यात मुलीला आठवड्यातून दोनदा तरी तुमच्या नाहीतर अंगणवाडीताईंच्या नजरेखाली यायला निमित्त ठेवा: वाचनाचा वर्ग, चित्रं काढणं, काहीही. तिला एवढंच सांगून ठेवा की बाबा चिडले की मधे पडायचं नाही, भावाचा हात धरून काकीकडे जायचं, आणि हे तिचं काम नव्हे, मोठ्यांचं आहे. आईशी बोलणं झालं आणि तिने काय भीती सांगितली ते कळलं की पुन्हा लिहा. पुढचा क्रम त्यावरून ठरवू.